हेनली ते मार्लो, अण्णांबरोबर

आई-अण्णा २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आमच्याकडे रेडिंगला आले ते काही हौसेनं फिरायला आले नव्हते. ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, गावभागातल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यात छातीएवढं पाणी, दोघांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, आणि नंतर महिनाभर चिखल उपसून उपसून अण्णा पार खचले होते म्हणून मीच मागे लागून तिकिटं काढली. व्हिसा सुदैवाने आधीचाच होता.

आई इकडे लगेच रुळली, नातवाच्या मागे तिचा दिवस जायचा. अण्णांचं अवघड होतं. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी, त्यातली बरीचशी बंधाऱ्यांवर, रिटायर झाल्यावरही रोज पहाटे घाटावर चक्कर ठरलेली, पाणी किती चढलं किती उतरलं हे गल्लीतले सगळे अण्णांनाच विचारायचे, आणि तो माणूस इथे खिडकीशी खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसायचा. लंडन दाखवून झालं. टॉवर ब्रिज, म्युझियम, सगळीकडे आले, चांगलं आहे म्हणाले. आमच्या घरापासून थेम्स चालत दहा मिनिटांवर आहे पण पंधरा दिवस झाले तरी अण्णा एकदाही नदीवर जाऊया म्हणाले नाहीत, मीच एकदोनदा विचारलं तर म्हणाले, "नको गं, काय बघायचंय पाण्यात." हे वाक्य अण्णांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

ज्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी इकडे येतात आणि घरात बसून कंटाळतात त्यांच्यासाठी मी हे जरा सविस्तर लिहितेय, कारण मला स्वतःला यातलं काही माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक गावात चालणाऱ्या लोकांचे ग्रुप असतात. माझ्या ऑफिसातली एक बाई दर रविवारी अशा ग्रुपबरोबर जायची, तिने ऑक्टोबरच्या वॉकचं कळवलं: हेनली ते मार्लो, थेम्सच्या काठाने, साधारण साडेआठ मैल म्हणजे चौदा किलोमीटर, आणि शेवटी मार्लोच्या पबमध्ये रविवारचं जेवण. मी लीडरला ईमेल टाकला की वडील ६८ वर्षांचे आहेत, आणू का. लीडर म्हणजे साठीच्या एक बाई, त्यांचा लगेच फोन आला आणि त्यांनी नेमके प्रश्न विचारले. रोज किती चालतात? चढाला दम लागतो का? गुडघे कसे आहेत? औषधं कुठली? घोट्याच्या वर येणारे बूट आहेत का? मी म्हटलं रोजचे सहा-सात किलोमीटर सहज, बूट मात्र नाहीत. त्या म्हणाल्या मग बूट घ्या आणि आधी दोन रविवार घालून चालवा, नवेकोरे बूट घालून चौदा किलोमीटर अजिबात नको.

तसं केलं. अण्णा आधी कॅनव्हासच्या बुटांवर अडून बसले होते, "मी आख्खं आयुष्य बंधाऱ्यावर चपलांत काढलंय की," पण प्रॉस्पेक्ट पार्कातल्या ओल्या गवतात एकदा पाय सटकला तेव्हा काही न बोलता बूट घातले. आतला मोजा पातळ आणि बाहेरचा जाड, असे दोन मोजे घातले की फोड येत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

त्याच ईमेलमध्ये जेवणाची ऑर्डर आधी द्यायची होती. सोळा माणसं एकदम येणार म्हटल्यावर पबवाले आठवडाभर आधी यादी मागतात आणि माणशी थोडे पैसे डिपॉझिट घेतात. रोस्ट बीफ, रोस्ट चिकन किंवा नट रोस्ट. अण्णा माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही. मी लीडरच्या परवानगीने सरळ पबला फोन लावला आणि बरं झालं लावला, कारण शाकाहारी म्हणून जे ताटात येतं त्यात कुठे काय दडलेलं असतं ते तेव्हा कळलं. यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतंच. बटाटे पुष्कळ ठिकाणी बीफच्या चरबीत नाहीतर बदकाच्या चरबीत भाजतात. ग्रेव्ही बहुतेक मांसाच्या रसाची. नट रोस्टसुद्धा बांधायला अंडं घालतात, सगळीकडे नाही पण घालतात. फोनवरची मुलगी किचनमध्ये जाऊन एकेक गोष्ट विचारून आली, म्हणाली आमच्या नट रोस्टमध्ये अंडं नाहीये, बटाटे वेगळ्या ट्रेमध्ये तेलात करून देतो, ग्रेव्ही भाज्यांची देतो. दहा मिनिटं लागली. एवढं कुणी विचारलं तर त्यांना राग येत नाही, उलट आधी विचारलेलं त्यांना बरं वाटतं.

पब हा शब्द ऐकून घरात जरा शांतता झाली होती. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "अगं, गुत्त्यात नेणार होय तू त्यांना?" मी समजावलं की पब म्हणजे पब्लिक हाउस, लोक पोराबाळांना घेऊन जेवायला जातात. अण्णा एवढंच म्हणाले की मी बाहेर बाकावर बसेन, तुम्ही जेवा. म्हटलं बघू तेव्हाचं तेव्हा.

रविवारी सकाळी रेडिंगहून ट्वायफर्ड, तिथे गाडी बदलून हेनलीची छोटी गाडी. रात्रभर पाऊस पडून गेला होता आणि आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. स्टेशनबाहेर सगळे जमले, लीडरने मोजून घेतलं, सोळा, आणि मग अण्णांना मुद्दाम एका उंच, पांढऱ्या दाढीच्या आजोबांशी ओळख करून दिली. पिवळं जाकीट घातलेले हे आजोबा आजचे बॅक मार्कर, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारे. त्यांच्या मागे कुणीही राहायचं नाही. पुढे जाणारा कितीही तरतरीत असो, प्रत्येक फाट्यावर आणि प्रत्येक गेटवर थांबायचं, मागचं पिवळं जाकीट दिसलं की मगच पुढे. सह्याद्रीत कॉलेजच्या ट्रेकला आमच्याकडेही शेवटचा माणूस ठरलेला असायचा, पण तिथे तो दमलेल्यांना हाकत आणायचा. इथे तो मागच्याच्या चालीने चालतो. हा फरक मला फार आवडला.

हेनलीचा दगडी पूल १७८६ चा, पाच कमानींचा, मधल्या कमानीच्या दोन्ही बाजूंना एकेक दगडी चेहरा आहे, एकीकडे थेम्सचा आणि एकीकडे आयसिसचा (ऑक्सफर्डकडे थेम्सलाच आयसिस म्हणतात), ॲन डेमर नावाच्या शिल्पकार बाईने केलेले. पूल ओलांडला की डावीकडे वळायचं आणि मग नदी डाव्या हाताला, शेतं उजव्या हाताला, सरळ वाट. इथेच १८३९ पासून होड्यांच्या शर्यती होतात, हेनली रॉयल रेगाटा. मी म्हटलं अण्णा बघा, आपल्याकडे कृष्णेत होतात तशा. "हं," म्हणाले. मी नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की अण्णा वाटेच्या शेताकडच्या कडेने चालतायत. वाट चांगली दोन माणसं जाण्याइतकी रुंद, बाकी सगळे पाण्याच्या बाजूला सरकलेले, आणि अण्णा कुंपणाला खेटून, मान उजवीकडे. एक मैल तसेच चालले. टेंपल आयलंड आलं, बेटावर १७७१ चं पांढरं छोटं घुमटाचं घर, सगळ्यांनी फोटो काढले, अण्णा थांबले पण पाण्याकडे पाठ करून बुटाची नाडी बांधत बसले. मी काही बोलले नाही.

मग आवाज यायला लागला. हॅम्बलडन लॉकच्या अलीकडे पाव मैलावरून बंधाऱ्याचा आवाज येतो, घुमल्यासारखा, न थांबणारा. अण्णांनी मान वर केली. "गेट उघडं आहे," म्हणाले. मी विचारलं कुठलं गेट? तर म्हणे, "बंधाऱ्याचं. सगळी नाही, दोन-तीन उघडी असतील. आवाजावरून कळतं की."

लॉकवर चहाची सुट्टी होती, सगळ्यांनी थर्मास काढले. आणि तिथे कळलं की पिवळ्या जाकिटाचे आजोबा उन्हाळ्यात थेम्सवर स्वयंसेवक म्हणून लॉक-कीपरच्या हाताखाली काम करतात. म्हणजे नदीवरचं खातं इथेही माणसं कमी पडली की रिटायर्ड लोकांना शिकवून उभं करतं. एक लांब अरुंद होडी वरून आली होती. लॉक म्हणजे दोन दारांच्या मधला पाण्याचा हौद: होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, खालच्या दारातल्या झडपा उघडून पाणी सोडायचं, होडी पाण्याबरोबर हळूहळू खाली उतरते, दोन्हीकडची पातळी एक झाली की पुढचं दार आपोआप सैल पडतं. तोपर्यंत कितीही जोर लावा, हलत नाही. अण्णा हौदाच्या काठावर उभे राहून भिंतीवरच्या ओल्या रेषेकडे बघत होते. पाणी उतरत गेलं तशी शेवाळाची हिरवी पट्टी वर उघडी पडत गेली, एकेक वीत. आजोबा काहीतरी समजावायला लागले, "हे वरचं पाणी..." आणि अण्णा मध्येच म्हणाले, "हेड वॉटर." आजोबा थांबले. मग खाली बोट दाखवून अण्णा म्हणाले, "टेल वॉटर. डिफरन्स किती?"

अण्णांचं इंग्रजी बेतास बात आहे, दुकानात दूध मागायला अडखळतात, पण हे त्यांच्या खात्याचं इंग्रजी होतं. हेड, टेल, डिस्चार्ज, गेज, क्युसेक. आपल्या पाटबंधाऱ्यात इंग्रजांच्या काळापासून हेच शब्द चालत आलेत, कामगारसुद्धा "टेलला पाणी पोचलं नाही" म्हणतो. त्या आजोबांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. त्यांनी सांगितलं हा लॉक मूळचा १७७३ सालचा, पुढे आपल्याला लागणारे हर्ली, टेंपल आणि मार्लोचे लॉकही त्याच सालचे, नंतर परत बांधलेले. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "सतराशे त्र्याहत्तर, नारायणरावाचा खून झाला ते साल." मी ते भाषांतर करून सांगितलं, मग पेशवे कोण आणि काका मला वाचवा म्हणजे काय ते सगळं सांगावं लागलं, लोक चहा विसरून ऐकत होते.

हॅम्बलडनला बंधाऱ्यावरून पलीकडच्या पांढऱ्या लाकडी गिरणीपर्यंत जायला पायवाट आहे, अगदी पाण्याच्या वरून, लोखंडी कठड्याची, खाली दारांमधून पाणी फुटून पांढरं होऊन पडत असतं आणि पायाखालची जमीन थरथरते. आमच्या रस्त्यात ती नव्हती. आजोबांनी लीडरला विचारलं दहा मिनिटं देता का, आणि अण्णांना विचारलं येताय का. मला वाटलं नको म्हणतील. अण्णांनी हातातला कप माझ्याकडे दिला आणि निघाले. मी मागून गेले. मध्यावर जाऊन दोघं कठड्याला धरून उभे. त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, नुसते हातवारे. अण्णांनी बोटं मोजून दाखवली, तीन दारं उघडी. आजोबांनी मान हलवली. मग अण्णा कठड्यावरून वाकून खाली बघत राहिले, बराच वेळ, चष्म्यावर तुषार जमले तरी पुसले नाहीत. तेरा माणसं काठावर उभी होती आणि एकानेही घड्याळ बघितलं नाही.

त्यानंतर वाट नदी सोडून ॲस्टन गावाकडे वर जाते, कारण पूर्वी इथे नदी ओलांडायला नावेची तर होती ती बंद झाली. चिखल म्हणजे चिखल, बूट उचलताना आवाज येत होता. मग कलहॅम कोर्ट नावाच्या मोठ्या वाड्याच्या हद्दीतून वाट जाते, हरणं चरतात तिथून. अण्णांना काळजी, "अगं हे कुणाचं तरी खाजगी रान आहे, कुणी हटकलं तर?" हीच गोष्ट इथली मला सगळ्यात मोलाची वाटते. जमीन मालकाची, पण वाटेवरून चालायचा हक्क सगळ्यांचा, आणि मालक ती वाट अडवू शकत नाही. आणि हा हक्क काही आपसूक नाही मिळाला. १९३२ साली किंडर स्काउटच्या डोंगरावर शेकडो कामगार पोरं बंदी मोडून चढली, काहींना तुरुंगवास झाला, मग १९४९ चा कायदा आला. थेम्सच्या उगमापासून लंडनपर्यंतची ही आख्खी वाट मात्र फार उशिरा, १९९६ मध्ये सुरू झाली. खांबावर ओकच्या फळाचं चिन्ह दिसलं की समजायचं आपण बरोबर आहोत. पुढे मेडमनमपाशी पलीकडच्या काठावर एक स्मारक आहे तेसुद्धा असल्याच भांडणाचं: तिथली नावेची तर सार्वजनिक आहे असा निकाल १८९९ साली कोर्टाने दिला, त्याची आठवण म्हणून दगड उभा केलाय. अण्णांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याकडे पाणंदीचे दावे तीन तीन पिढ्या चालतात, पण स्मारक नाही बांधत कुणी."

गेटांबद्दल एक सांगते. इथे किसिंग गेट नावाचा प्रकार असतो, अर्धगोल कठड्याच्या आत झुलणारं एक छोटं फाटक. माणूस आत शिरतो, फाटक आपल्या अंगावरून पलीकडे ढकलतो, आणि बाहेर पडतो, पण गाय काही त्या कोपऱ्यात वळू शकत नाही. फाटक कधी उघडं राहतच नाही. अण्णा पहिल्या गेटला अडकले, दुसऱ्याला जमलं, तिसऱ्याला थांबून त्याची बिजागरी बघून आले.

डोक्यावर लाल घारी होत्या. रेड काइट. आपल्या घारीसारखीच दुभंगलेली शेपटी, रंग मात्र तांबूस, आणि शीळ घातल्यासारखी ओरडते. या भागातून त्या पार नाहीशा झाल्या होत्या, १९८९ पासून पाच वर्षं स्पेनहून आणून सोडल्या, आता आमच्या परसातसुद्धा दिसतात.

हर्लीला दुसरी विश्रांती. लोकांनी फ्लॅपजॅक काढले, ओट्स आणि पाकाच्या वड्या, आणि अण्णांनी पिशवीतून भडंगाची पुडी काढली. सांगलीहून आणलेली शेवटची. मी म्हणत होते अण्णा तिखट लागेल त्यांना. अण्णांनी ऐकलं नाही, प्रत्येकाच्या हातावर मूठ मूठ ठेवली. लसूण कुरकुरीत लागल्यावर लोकांनी परत हात पुढे केले. तिथेच अण्णांनी सांगितलं की आमच्या नदीत मगरी आहेत, भिलवडीच्या बाजूला उन्हात पडलेल्या दिसतात, तर एका बाईंनी आपल्या पायापासची थेम्स एकदा नीट निरखून बघितली.

टेंपलच्या लाकडी पादचारी पुलावरून पलीकडच्या काठाला गेलो. (हा पूल मध्यंतरी दुरुस्तीसाठी बंद केला होता, जाणार असाल तर आधी चेक करा, नाहीतर बराच वळसा पडतो.) आता नदी उजव्या हाताला आली होती, समोर बिशमच्या चर्चचा बाराव्या शतकातला मनोरा, आणि अण्णा पाण्याच्या बाजूने चालत होते. माझ्या ते फार उशिरा लक्षात आलं. ते आणि पिवळं जाकीट, दोघं सगळ्यात मागे, मध्येच थांबून काडीने चिखलात काहीतरी काढायचे, परत चालायचे. अण्णांना माझी गरज नव्हती. इकडे आल्यापासून पहिल्यांदा.

मार्लोचा झुलता पूल लांबूनच दिसतो. १८३२ चा, टिअर्नी क्लार्क नावाच्या इंजिनिअरचा, त्यानेच पुढे बुडापेस्टचा मोठा साखळी पूल आखला. मार्लोत हँड अँड फ्लॉवर्स म्हणून दोन मिशेलिन स्टार मिळवणारा पहिला पब आहे, तिथे अर्थात आम्ही नव्हतो जाणार, आमचा पब गल्लीतला, बुटक्या छताचा, फरशी दगडी. पावणेतीन वाजले होते.

दाराशी सगळ्यांनी बूट काढून सोबतचे कोरडे बूट घातले. अण्णांना यात काहीच नवीन नव्हतं, ते बूट काढून मोज्यांवर आत निघाले होते, तर बाहेर आलेल्या मालकीणबाईंनी पायात घालायला एक जोड आणून दिला. बाहेरच्या बाकाचा विषय निघालाच नाही. आत एक आजी नातीला भरवत होत्या, टेबलाखाली कुत्रा झोपलेला, शेकोटी पेटलेली, कोपऱ्यात एक म्हातारा पेपर वाचत एकटाच. आम्ही निघेपर्यंत, जवळजवळ दोन तास, तो तिथेच होता आणि ग्लासात अजून तळाशी शिल्लक होतं. अण्णांनी विचारलं, "यांना कुणी उठवत नाही का?" मी म्हटलं नाही. "मग बरं आहे," म्हणाले.

पबात वेटर टेबलाशी येऊन ड्रिंक विचारत नाही, बारवर जाऊन आपणच आणायचं. आणि एकाने सगळ्यांसाठी आणायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याने, याला राउंड म्हणतात. आपण पीत नसलो तरी कुणी "तुम्हाला काय?" विचारलं तर नको नको करू नये, लाइम अँड सोडा मागावं, सगळीकडे मिळतं आणि स्वस्त असतं. आणि मग आपणही एकदा उठून विचारावं. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी दुसरा राउंड स्वतः दिला. माळ गळ्यात, आणि ट्रेमध्ये चार ग्लास बिअरचे सांभाळत घेऊन आले. बिअर म्हणजे इथलीच, मार्लोच्या रेबेलियन ब्रुअरीची. "पाहुण्यांना विचारायला काय हरकत आहे," एवढंच म्हणाले. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही.

जेवण मनापासून जेवले. नट रोस्ट म्हणजे अक्रोड-काजू, मशरूम, ब्रेडचा चुरा घालून भाजलेला जाड तुकडा, वरून ग्रेव्ही. बटाटे बाहेरून खरपूस, आतून पिठूळ. पार्सनिप नावाचं कंद त्यांना सगळ्यात आवडलं, गाजराच्या आकाराचं पांढरं, "रताळ्याचा भाऊ आहे हा" म्हणाले. नंतर ॲपल क्रंबल.

आणि मग आजोबांनी विचारलं की चिखलात काढत होतात तो बंधारा नीट काढून दाखवा. अण्णांनी खिशातलं पेन काढलं, बिअर मॅट उलटा केला, तो पुठ्ठ्याचा गोल तुकडा, आणि त्यावर कोल्हापुरी बंधारा काढला. दगडी खांब, खांबाला उभ्या खाचा, खाचांमध्ये एकावर एक बसवलेले बरगे. पाऊस संपला की ऑक्टोबरनंतर बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पावसाळ्याच्या आधी सगळे काढून नदी मोकळी करायची. आजोबांनी सांगितलं की थेम्सवरही जुने बंधारे असेच होते, उभे लाकडी दांडे आणि त्यांना टेकवलेल्या फळ्या, हाताने एकेक काढायच्या, वरच्या अंगाला ऑक्सफर्डच्या पुढे रशी आणि नॉर्थमूरला अजून आहेत. अण्णा म्हणाले, "फळी काढताना पाणी माणसाला आत ओढतं. आमच्या म्हैसाळला मी बघितलंय." आजोबा म्हणाले, "हो, ओढतं."

मग कुणीतरी विचारलं, पूर आला तर काय होतं तुमच्याकडे? मी बोलणार होते, विषय बदलणार होते. पण अण्णाच बोलायला लागले. मोडक्या इंग्रजीत, मध्ये मध्ये मराठी, ते मी सांगायचे. आमच्या घराच्या जिन्याला अकरा पायऱ्या. पाणी आलं तेव्हा आई वर होती, आणि अण्णा रात्रभर जिन्यात कंदील घेऊन बसले होते. दर तासाला डायरीत लिहीत होते, रात्री दहा, दुसरी पायरी. अकरा, दुसरीच्या वर दोन बोटं. पहाटे चार, पाचवी. "मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी पातळी लिहिली," म्हणाले, "त्या रात्री माझ्या घरात लिहिली." सातव्या पायरीला बोट आली.

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, ती समजत होती अण्णा खाली सामान हलवतायत.

टेबलावर कुणी काही बोललं नाही. मग थोड्या वेळाने समोरच्या एक बाई म्हणाल्या की त्या रेस्बरीला राहायच्या, २०१४ च्या फेब्रुवारीत तिथे थेम्स घरात आली होती. "पाणी गेल्यावर जो वास राहतो," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. अण्णांनी मान हलवली. "कपाटाच्या आत," अण्णा म्हणाले. "हो, कपाटाच्या आत. आणि प्लगच्या भोकांत." मग दोघं बराच वेळ चुना, ब्लीच, भिंती कधी वाळतात, लाकूड कसं फुगतं, विम्याचा माणूस कसा येतो असलं सगळं बोलत बसले, अगदी शांतपणे, रेसिपी सांगितल्यासारखं. मी नुसते शब्द इकडून तिकडे देत होते. बाईंनी सांगितलं त्यांच्या भिंतींना पुरतं वाळायला जवळजवळ वर्ष गेलं, घाईने रंग देऊ नका. अण्णांनी ते लिहून घेतलं.

निघताना प्रत्येकाने आपापलं बिल बारवर चुकतं केलं. पिवळ्या जाकिटाच्या आजोबांनी तो बिअर मॅट उचलून ग्रेव्हीचा डाग पुसला आणि विचारलं, ठेवू का? अण्णांनी तो परत घेतला, खाली तारीख घातली, सही केली आणि मग दिला.

मार्लोहून गाडी बोर्न एंडला जाऊन उलटी फिरते आणि मेडनहेडला येते. अण्णा खिडकीशी बसले होते, बोर्न एंडनंतर पुलावरून नदी दिसते ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. पायाला फोड एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खाली आले तर अण्णा अंघोळ करून तयार, फोनवर. आपल्याकडे साडेदहा वाजले होते. पलीकडे गल्लीतले काका. "पाणी कुठवर आहे?... पुलापाशी नाही, घाटाला विचारतोय, घाटाच्या कितव्या पायरीला?... बरं. बरगे घातले का म्हैसाळला?" मग फोन खांद्याने कानाशी धरून त्यांनी बॅगेतून ती डायरी काढली, नवीन पानावर तारीख घातली, आणि काका सांगत होते ती पातळी लिहून घेतली.